‘रूल आउट’ म्हणजे नाही, की असू शकेल?

गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एक मुलगा आईला घेऊन आला. तिच्या स्तनात गाठ होती. तालुक्याच्या गावी दाखवलं तेव्हा मिळालेली चिठ्ठी घडी करून त्याने जपून ठेवली होती. त्यावर दोनच ओळी होत्या. गाठीचा उल्लेख, त्यापुढे ‘रूल आउट मॅलिग्नन्सी’ आणि खाली मोठ्या रुग्णालयात दाखवा म्हणून सूचना. मुलगा इंग्रजी माध्यमात शिकलेला. त्याने आईला सांगितलं, कॅन्सर नाही, डॉक्टरांनीच लिहून दिलंय. मायलेक घरी गेले. पेरणी झाली, खुरपणी झाली, गाठ हाताला मोठी लागायला लागली, तेव्हा दोन महिन्यांनी ते आमच्याकडे आले.

त्याला काही बोलायला माझी जीभ रेटेना. ‘रूल आउट’ म्हणजे शक्यता फेटाळणे, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. चुकलो आम्ही डॉक्टर. आम्ही ते आज्ञार्थी लिहितो: ही शक्यता मनात आहे, तपासून ती फेटाळता येते का बघा. फेटाळली असेल तर ‘रूल्ड आउट’ लिहायचं. फरक एका प्रत्ययाचा. त्यात आमची हस्ताक्षरं! आणि घाईत नुसतं ‘आर/ओ’ खरडलं तर तो प्रत्ययही उरत नाही.

डॉक्टरांच्या इंग्रजीत अंदाजाचे असे बरेच शब्द आहेत. ‘सजेस्टिव्ह ऑफ’, ‘लाइकली’, ‘पॉसिबल’. काही वेळा आजाराच्या नावाआधी नुसतं प्रश्नचिन्ह. लिहिणाऱ्याच्या मनात प्रत्येकाचं काहीएक वजन असतं, पण वाचणारा ते आपल्या तराजूत तोलतो. हे फक्त अडाणी माणसाचं होतं असं समजू नका. अमेरिकेच्या गुप्तचर विभागातले शर्मन केंट यांनी १९६४ साली यावर एक लेख लिहिला. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे, असा अहवाल त्यांच्या गटाने एकमताने दिला होता. नंतर त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं, तुमच्या मते ही शक्यता नेमकी किती? उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आली. एकाच वाक्याला मान डोलावलेली ही माणसं!

स्तनाच्या तपासणीत रेडिऑलॉजिस्टांनी यावर उपाय काढला. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स’ असं लिहून पुढे आकडा असतो. ३ म्हणजे बहुधा साधी गाठ, कॅन्सरची शक्यता २ टक्के किंवा कमी. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. मधल्या ४ला ‘सस्पिशस’ म्हणतात. तो दोनपासून पंच्याण्णवपर्यंत पसरलेला, म्हणून त्याचेही ए, बी, सी असे भाग करतात. ‘सस्पिशस’ वाचून ज्यांची झोप उडते, त्यांनी पुढचं अक्षर जरूर पाहावं. ४ए असेल तर शक्यता २ ते १० टक्क्यांचीच असते. अर्थात सुईचा तुकडा काढून तपासायचा तो असतोच.

‘डाऊट’ची गंमत आणखी वेगळी. राउंडला आमचे विद्यार्थी बिनधास्त म्हणतात, ‘सर, आय डाऊट अपेंडिसायटिस.’ त्यांना म्हणायचं असतं, मला अपेंडिक्सची शंका येते. आपल्याकडे सगळ्यांना ते कळतं. पण इंग्लंडमध्ये याचा अर्थ थेट उलटा: अपेंडिक्स असेल असं मला वाटत नाही. तिथे ‘सस्पेक्ट’ म्हणजे असावं आणि ‘डाऊट’ म्हणजे नसावं. मराठीत दोन्हींना शंकाच म्हणतात, म्हणून हा घोळ. रात्री फोनवर सर्जनला उठवताना तो महागात पडू शकतो.

माझा एक विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे. सुरुवातीला त्याच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, ‘आय वंडर इफ वी शुड रिपीट द पोटॅशियम.’ याला वाटलं, बाई स्वतःशीच विचार करतायत. तो हो म्हणाला आणि चहाला गेला. ती होती ऑर्डर! तिकडच्या एका सवयीचं मात्र मला कौतुक आहे. तुम्हाला काय झालं असावं असं वाटतं, कशाची भीती वाटते, हे रुग्णाला विचारायला तिथे शिकवतात. मी विचारलं की आपल्याकडचे लोक म्हणतात, ‘डॉक्टर तुम्ही, आम्हाला काय कळतंय?’ थोडं थांबलं की मग खरं बाहेर येतं.

खरं तर अंदाज सांगायला आपली मराठी कुठे कमी पडते? टीबी असू शकतो, टीबी असेल, टीबी असावा, टीबीच असणार. चार पायऱ्या, पोरासोरांनाही कळणाऱ्या. त्या सोडून आम्ही कागदावर ‘आर/ओ’ लिहितो. हल्ली इंटर्नना मी सांगतो, चिठ्ठीवर इंग्रजी लिहा, पण खाली एक ओळ मराठीत हवीच: ‘कॅन्सर आहे की नाही, अजून ठरलेलं नाही, या आठवड्यातच तपासून घ्या.’ लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही.

त्या माउलीची मी मॅमोग्राफी लिहून दिली. रिपोर्टवर ४सी आलं. मुलगा आकड्यांचा अर्थ विचारू लागला, तेव्हा तिने त्याला हाताने थांबवलं आणि मला म्हणाली, ‘असंल का नसंल, तेवढं सांगा.’ मी म्हटलं, ‘असावा, मावशी. नक्की सुईच्या तपासणीनंतर सांगतो. गुरुवारी या.’ ती बुधवारीच येऊन बसली.