माळ्यावरच्या स्टोव्हचं मोल

वसमत, कळमनुरीकडच्या जुन्या घरांत माळा आवरताना पितळी स्टोव्ह हमखास सापडतो. भंगारवाला तो वजनावर घेतो. संग्राहक मात्र आधी उलटा करून बघतो.

आधी चुंबक लावा. टाकीला चिकटलं तर आत लोखंड. पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त, चिकटत नाही. मग ठसा शोधा. 'प्रायमस' असेल तर मूळ स्वीडनचं. फ्रान्स लिंडक्विस्टनं 1892च्या सुमारास हा स्टोव्ह आणला. पंपाच्या हवेनं रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि तीच निळी जळते. म्हणून तर आधी काकडा पेटवावा लागे! 1911पासून कंपनी टाकीवर वर्षाचं अक्षर ठोकू लागली: ए म्हणजे 1911, बी म्हणजे 1912. नकला उदंड आहेत, तेव्हा नुसत्या नावावर भाळू नका.

मूळ बर्नर, पंप, तिन्ही पाय शाबूत असतील तर भाव चढतो. टाकीला डाग दिलेला असेल तर उतरतो. चिंच लावून लख्ख घासू नका, जुना रंगच संग्राहकाला हवा असतो. शंभरी ओलांडलेली वस्तू 1972च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते. तशी ठरली तर परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही. आणि पेटवून दाखवा म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. जुना सांधा दाबाखाली कधी सुटेल, नेम नाही.