संगणक कक्षासाठी सॉफ्टवेअर निवडताना

संगणक कक्षात चाळीस मुलं आणि शिक्षक एकटे असले की मागच्या रांगेत हमखास गेम सुरू होतो. त्यावर विक्रेते वर्गनियंत्रणाचं सॉफ्टवेअर सुचवतात आणि संगणकागणिक शुल्क सांगतात. सही करण्याआधी ‘वेयॉन’ पाहून घ्या. हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. शिक्षकांना सगळ्या मुलांचे स्क्रीन छोट्या चौकटींत दिसतात. एका क्लिकवर ते लॉक करता येतात किंवा शिक्षकांचाच स्क्रीन सगळीकडे दाखवता येतो. सगळा कारभार शाळेतल्या नेटवर्कवर, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी तास अडत नाही. गावाकडच्या शाळांना हा मुद्दा किमतीइतकाच मोलाचा.

जोडणी मात्र घाईत उरकू नका. यात शिक्षकांची ओळख पटवण्यासाठी दोन डिजिटल किल्ल्या बनवता येतात : सार्वजनिक किल्ली मुलांच्या संगणकांवर, खासगी फक्त शिक्षकांकडे. खासगी किल्ली पेनड्राइव्हवरून एखाद्या पोराच्या हाती लागली, तर तोच वर्गावर नजर ठेवील! मुलांना अ‍ॅडमिनचा पासवर्डही देऊ नये, नाहीतर ती वेयॉनची सेवाच बंद करून मोकळी होतात. आणि आपला स्क्रीन सरांना दिसतो, हे मुलांना आधीच सांगा. आधी चार-पाच संगणकांवर आठवडाभर चालवून पाहा, मगच विक्रेत्यांशी पैशांचं बोला.