‘काढलं’ की ‘सोडलं’?

मंडळी, मोठा अधिकारी कंपनीतून गेल्याची बातमी आली की आपण आधी क्रियापद तपासायचं. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी ओपनएआय कंपनीत काय घडलं ते पाहू. संचालक मंडळाने सॅम ऑल्टमन यांना मुख्य कार्यकारी अधिकारी पदावरून काढलं. ग्रेग ब्रॉकमन यांचं मंडळाचं अध्यक्षपद गेलं, पण कंपनीतली नोकरी कायम होती. ती त्यांनी त्याच दिवशी, काही तासांनी, स्वतःहून सोडली. आता ‘दोघांना कंपनीतून काढलं’ असं लिहिलं तर वाक्य सुटसुटीत होतं, पण खरं राहत नाही.

पुढचा प्रश्न कारणाचा. ऑल्टमन आपल्याशी सातत्याने मोकळेपणाने बोलत नव्हते, असं मंडळाने जाहीर केलं. न्यायदर्शन सांगतं की शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि ती जशीच्या तशी सांगायची आहे त्याचा. इथे तर मंडळ स्वतःच वादातला एक पक्ष होतं! म्हणून ‘मंडळाच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द गाळायचे नाहीत. ते गाळले की आरोपाचा निकाल होतो, आणि तो आपण दिलेला असतो.

पाच दिवसांतच ऑल्टमन परत येणार हे ठरलं. ‘मंडळाने असं म्हटलं’ एवढंच ज्यांनी लिहिलं होतं, त्यांना जुन्या बातमीतला शब्दही बदलावा लागला नाही. पदरचं कारण जोडणाऱ्यांनी मात्र एका माणसाच्या नावाला डाग लावला होता, आणि तो पुसणं बातमी लिहिण्याइतकं सोपं नसतं.