प्रश्न सांभाळण्याची विद्या

एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘फ्रेडी’ नावाचे एक जुने यंत्र जतन केलेले आहे. लाकडी खेळण्याचे सुटे भाग त्याच्यापुढे ढिगाने ओतले, की कॅमेऱ्याने ते न्याहाळून, एकेक तुकडा ओळखून, त्यांतून मोटार किंवा नाव जुळवून देण्याची करामत त्याने १९७०च्या दशकाच्या आरंभी साधली. विशेष हे, की त्याचा हात वस्तूपाशी जात नसे. खालचे मेजच सरकून ती वस्तू हाताखाली आणून देई.

ज्या विद्यापीठात हे यंत्र घडले, तेथेच १९९८ साली कृत्रिम बुद्धिमत्ता, संगणकशास्त्र आणि बोधविज्ञान यांचे विभाग एकत्र येऊन ‘स्कूल ऑफ इन्फॉर्मॅटिक्स’ स्थापन झाले. यंत्रात, मेंदूत आणि भाषेत माहिती कशी साठते, कशी वाहते आणि तिला अर्थ कसा येतो, याचा एकत्र विचार करणारे शास्त्र ते इन्फॉर्मॅटिक्स.

या शास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्याने पहिल्या वर्षी आपल्या संशोधनाची तजवीज लेखी मांडून मंजूर करून घ्यावी, एकूण तीन-चार वर्षांच्या मुदतीत प्रबंध सिद्ध करावा, आणि अखेर बंद दाराआड दोन परीक्षकांसमोर, ज्यांतील एक बाहेरच्या संस्थेतून आलेला असतो, प्रबंधातील विधानन् विधान राखून दाखवावे, असा तेथील रिवाज आहे. आपल्याकडे ही मौखिक परीक्षा श्रोत्यांच्या साक्षीने होते. तेथे साक्षीला प्रबंधाची पाने तेवढी असतात, आणि किरकोळ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या तरी त्यात कोणी कमीपणा मानीत नाही.

परंतु या साऱ्या कायदेकानूंच्या पलीकडे जे मर्म आहे, ते जेफ्री हिंटन यांच्या विद्यार्थिदशेत दिसते. १९७२च्या सुमारास ते एडिंबरोला आले, तेव्हा मज्जापेशींच्या जाळ्याचे अनुकरण करून यंत्राला शिकविता येईल, ही कल्पना बहुतेक विद्वानांनी टाकून दिली होती. १९७३च्या लाइटहिल अहवालाने तर ब्रिटनमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एकूण संशोधनावरच कोरडे ओढले, आणि अनुदानाचा ओघ आटला. हिंटन यांचे मार्गदर्शक क्रिस्टोफर लाँग्वे-हिगिन्स हे मूळचे ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ. त्यांचाही या जाळ्यांवरचा विश्वास उडालेला होता. तरीही, मतभेद न लपविता, त्यांनी शिष्याला त्याचा मार्ग चालू दिला. १९७८ साली हिंटन यांना पदवी मिळाली, आणि त्याच विचाराच्या विस्तारासाठी २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक.

प्रत्येक हट्टाचे असे सोने होत नाही. तथापि ज्या मतावर आपली श्रद्धा नाही, त्यालाही कसोटीला उतरण्याइतका अवकाश देणे, हाच मला गुरूचा खरा धर्म वाटतो. म्हणूनच आपल्या घरातील मुलगा वा मुलगी या वाटेला लागली, की “संपणार कधी?” असे विचारण्याआधी “तुझा प्रश्न कोणता?” असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसून ऐकावे.