वक्र पृष्ठावरील द्रवस्फटिकांची एकसमान रचना

वक्र पृष्ठावरील द्रवस्फटिकांची एकसमान रचना हा भूमिती व पदार्थविज्ञान यांना जोडणारा अभ्यासविषय आहे. द्रवस्फटिकाचा पातळ थर वक्र पृष्ठावर पसरला असता त्यातील रेणूंची मांडणी प्रत्येक बिंदूपाशी सारखी राहू शकते काय, या प्रश्नाचा विचार त्यात केला जातो.

संकल्पना

द्रवस्फटिकांचा शोध फ्रीडरिश राइनिट्झर यांनी १८८८ मध्ये लावला. नेमॅटिक प्रकारात लांबट रेणू द्रवाप्रमाणे वाहतात, परंतु त्यांचा रोख साधारणपणे एकाच दिशेस असतो. पृष्ठावर या दिशेत दोन प्रकारचे बदल संभवतात. शेजारच्या दिशारेषा पंख्याच्या काड्यांप्रमाणे फाकल्यास त्यास ‘पसरण’ आणि रेषा पृष्ठावर राहूनच एका बाजूस वळल्यास त्यास ‘वाक’ म्हणता येईल. दोहोंची मूल्ये सर्वत्र स्थिर असल्यास रचना एकसमान ठरते.

वक्रतेची अट

सपाट पृष्ठावर सरळ समांतर रेषांची रचना शक्य असते. स्थिर वाक मात्र राखता येत नाही. समान अंतरावरील वर्तुळे समकेंद्री असतात आणि बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या मोठी असल्याने त्याचा वाक कमी होतो. केळ्याच्या आकाराच्या रेणूंपुढील अडचण हीच होय. इदान निव व एफी एफ्राती यांनी २०१८ मध्ये द्विमितीय रचनांसाठी सुसंगततेची अट मांडली. पसरण (प) व वाक (व) स्थिर असताना गाउस वक्रता (क) पुढीलप्रमाणे असावी लागते :

क = −(प² + व²)

यावरून तीन निष्कर्ष निघतात :
• सपाट कागद किंवा त्याची पुंगळी (क शून्य) : पसरण व वाक दोन्ही शून्य असलेली रचनाच एकसमान असते.
• खोगिराप्रमाणे सर्वत्र सारखी ऋण वक्रता असलेले पृष्ठ : स्थिर पसरण किंवा वाक शक्य.
• गोल (क धन) : त्याच्या लहानशा तुकड्यावरही एकसमान रचना अशक्य.

दोष

संपूर्ण गोलावर आणखी एक बंधन येते. प्वांकारे–हॉफ प्रमेयानुसार दिशा अनिश्चित होणाऱ्या बिंदूंच्या, म्हणजे दोषांच्या, निर्देशांकांची बेरीज +२ असावीच लागते. नेमॅटिकमध्ये रेणूची दोन्ही टोके समतुल्य असल्याने +१/२ निर्देशांकाचे चार दोष संभवतात. आदर्श स्थितीत ते चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंवर स्थिरावतात. कंकणाकृती पृष्ठावर ही बेरीज शून्य असल्याने दोष टाळता येतात. तथापि त्याची वक्रता जागोजागी बदलत असल्यामुळे रचना एकसमान होत नाही. दोषांचा अभाव आणि एकसमानता या भिन्न गोष्टी होत.

महत्त्व

या दोषांच्या जागी रासायनिक दुवे जोडल्यास सूक्ष्म गोलक कार्बन अणूप्रमाणे चार बंध जोडू शकतील, अशी कल्पना डेव्हिड नेल्सन यांनी २००२ मध्ये मांडली.