डाग दिसले, पण तारखा कुठे आहेत?

लंडन : पायाला मुंग्या, हाताला बधिरपणा, एका डोळ्याने अंधुक दिसणं अशी तक्रार असलेला माणूस इथे सरकारी आरोग्यसेवेत थेट मेंदूच्या डॉक्टरपुढे जाऊन बसू शकत नाही. प्रत्येकाचं नाव आपल्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नोंदलेलं असतं. त्याने चिठ्ठी दिली तर पुढचं दार उघडतं, आणि तेही लगेच नाही. चिठ्ठीपासून 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा इंग्लंडमधला दंडक आहे. तो गेली कित्येक वर्षं पाळला गेलेला नाही. याउलट भोर तालुक्यातल्या भाटघरचा माणूस सकाळची एसटी धरून कापूरहोळमार्गे पुण्यात उतरला आणि खिशात काही हजार रुपये असले, तर न्यूरोफिजिशियनला दाखवून संध्याकाळी एमआरआयचं पाकीट घेऊन परतू शकतो. वेगाच्या शर्यतीत पुणे केव्हाच जिंकलं आहे. तरीही मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या, म्हणजे एमएसच्या, निदानात इथून उचलावी अशी एक गोष्ट आहे, आणि ती एमआरआयपेक्षा फार स्वस्त आहे: रुग्णाचा तारीखवार लिहिलेला इतिहास.

एमएसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण पोखरते. पॅरिसच्या शार्कोने 1868 मध्ये हा आजार नीट मांडला, पण ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं एका फटक्यात सांगणारी रक्ततपासणी आजही नाही. निदान उभं राहतं ते दोन प्रश्नांवर. इजा एकाहून जास्त जागी झाली आहे का? आणि ती वेगवेगळ्या वेळी झाली आहे का? इयन मॅकडोनल्ड या लंडनमध्ये काम केलेल्या न्यूझीलंडच्या डॉक्टरच्या नावाने 2001 पासून चालत आलेले निकष याच प्रश्नांभोवती बांधलेले आहेत. झटका मोजायचा तर त्रास किमान 24 तास टिकलेला हवा, अंगात ताप नसताना आलेला हवा, आणि दोन झटक्यांत 30 दिवसांचं अंतर हवं. तापाची अट उगाच नाही: अंग तापलं, किंवा नुसती कढत पाण्याने आंघोळ केली, तरी जुनीच इजा तात्पुरती डोकं वर काढते. जागेचं उत्तर एमआरआय बऱ्यापैकी देतो. वेळेचं उत्तर कधीकधी देतो, कारण गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर ताजे डाग उजळतात आणि जुने उजळत नाहीत. पण दोन वर्षांपूर्वी उजवा डोळा हलवला की दुखत होता आणि कुंकवाचा लाल रंग त्या डोळ्याला विटका दिसत होता, हे फिल्मवर लिहिलेलं नसतं.

या आजाराची खोड अशी, की सुरुवातीचे झटके बहुधा आपोआप ओसरतात. भोर-वेल्ह्यात भातलावणीला दिवसभर ओणवं राहिलेल्या बाईला पायातली चप्पल निसटलेली कळेनाशी झाली, तर कोणी म्हणणार नस दबली, कोणी म्हणणार मणक्यात गॅप आहे. कोणी बी-12ची इंजेक्शनं देईल, कोणी तेल लावून चोळेल. तीन आठवड्यांनी पाय सुधारला की त्या वेळी जे चालू होतं त्याला यश मिळतं आणि दुखणं विस्मरणात जातं. पुढच्या वर्षी दिसायला कमी झालं तर ती डोळ्यांच्या दवाखान्यात जाते. तिथे पायाचं कोणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. इंग्रज माणूस काही वेगळा वागत नाही, पाठीसाठी मालिशवाल्याकडे आणि डोळ्यासाठी चष्म्याच्या दुकानातच जातो. मात्र ज्या भेटी आरोग्यसेवेत होतात त्या एकाच जीपीच्या नोंदीत येऊन पडतात. संगणक येण्याआधी ही नोंद एका जाड कागदी पाकिटात असे, आणि ते पाकीट माणसामागे गावोगाव फिरे. त्याला पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचं नाव होतं. आता तज्ज्ञाने तपासलं की तो जीपीला सविस्तर पत्र लिहितो: त्रास केव्हा आणि कोणत्या बाजूला सुरू झाला, किती दिवस राहिला, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर काय झालं, पुढे काय करायचं. त्याची प्रत सहसा रुग्णाच्या घरी येते. अर्थात नोंद असली म्हणजे कोणी ती जोडून वाचेलच असं नाही. चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे हिची बोटं बधिर होऊ लागली तेव्हा याच देशात त्याचं खापर मनाच्या ताणावर फोडलं गेलं. निदान 1973 मध्ये झालं.

यावर पहिला आक्षेप असा, की लवकर औषध सुरू झालं तर पुढचं अपंगत्व टाळता येतं. मग जुन्या तारखा कशाला खणायच्या? शिवाय 2024 च्या सुधारित निकषांनी डोळ्याची नसही इजेची एक जागा म्हणून मोजली आहे आणि काही परिस्थितीत वेळेचा पुरावा नसला तरी निदान करायला मुभा दिली आहे. घाई हवीच, आणि इथल्या रांगांचं समर्थन कोणी करू नये. पण रांगा लागतात त्या डॉक्टर आणि यंत्रं कमी पडल्यामुळे, नोंदीमुळे नाही. नव्या निकषांची सवलत घ्यायची तर बहुधा विशिष्ट पद्धतीने काढलेला एमआरआय किंवा पाठीतलं पाणी काढून केलेली तपासणी लागते. आदल्या वर्षीचा झटका कागदावर असेल तर तेच काम फुकटात होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आपल्याकडे हा आजार दुर्मीळ, मग भोरच्या डॉक्टरने त्याचा विचार का करावा? स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे 400 रुग्ण आढळले. मंगळुरू शहरात 2014 च्या अभ्यासात आठ-नऊ. मुंबईच्या पारशांत मात्र, नोशिर वाडिया आणि इतरांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं, हे प्रमाण लाखात वीसच्या वर होतं. म्हणजे महाराष्ट्राच्या न्यूरॉलॉजीला हा पाहुणा नवा नाही. पण दुर्मीळपणाचा खरा अर्थ वेगळाच निघतो. मेंदूतले तेच पांढरे डाग ऑर्कनीत दिसले तर एमएसची शक्यता बरीच, भोरमध्ये दिसले तर बरीच कमी. आपल्याकडे क्षय आहे, मेंदूतले जंत आहेत, शाकाहारी ताटातली बी-12ची कमतरता आहे, आणि एनएमओ नावाचा एमएससारखाच दिसणारा आजार आहे. त्याची प्रतिद्रव्यं 2004 मध्ये सापडली, ती रक्तात तपासता येतात, आणि एमएसचं इंटरफेरॉन त्या रुग्णाला दिलं तर आजार उलट चिघळू शकतो. ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शिकेतही निव्वळ एमआरआयवरून एमएस ठरवू नका असं बजावलं आहे; तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी बी-12, थायरॉइड, एचआयव्ही वगैरे तपासून घ्या, आणि नुसता थकवा किंवा चक्कर असेल तर एमएसच्या मागे धावू नका, असंही. आजार जिथे आपल्याहून कितीतरी जास्त आहे तिथे ही सावधगिरी, मग आपल्याकडे फिल्मवर एवढा भरवसा कसा परवडतो?

राहिला तो आक्षेप, जो दवाखान्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत येतो आणि बायकांना दुपटीहून जास्त होतो. ज्या घरात मुलीचं जमवायचं आहे तिथे ‘मेंदूचा आजार’ असं लिहिलेली फाइल कोण जपून ठेवील? ही भीती खोटी नाही, आणि ब्रिटनने तिच्यावर उपदेशाऐवजी कायद्याचा उतारा काढला. 2010 च्या समानता कायद्यानुसार एमएसचा रुग्ण निदानाच्या दिवसापासून अपंग व्यक्तीला मिळणाऱ्या संरक्षणाला पात्र होतो, मग तो रोज डोंगर का चढत असेना. (निदान झालं की वाहन परवाना खात्याला कळवणंही त्याच्यावर बंधनकारक असतं.) आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत एमएसचं नाव आहे, पण नोकरीतलं आरक्षण आणि बऱ्याच सवलती 40 टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर अडतात, आणि दोन झटक्यांतून सावरलेल्या, दिसायला धडधाकट मुलीला ते मिळणं कठीण. हा उंबरठा खाली येईपर्यंत फाइल तिच्याच ताब्यात राहावी हे बरं. गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड खेड्यापाड्यातली घरं पत्र्याच्या पेटीत जपतातच. कागद टिकत नाही ही सबब त्यामुळे चालणार नाही. आणि त्यावर आजाराचं नाव घालायची गरजही नाही. तारीख, बाजू, किती दिवस, ताप होता का, कोणतं औषध चालू होतं, तपासताना काय आढळलं, एवढंच, आणि खाली डॉक्टरची वाचता येईल अशी सही.