कोयत्याला उत्तर काय?

ऊस तोडायचा, नारळ सोलायचा कोयता. २७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत, भर सकाळी, तो घेऊन एक तरुण एका मुलीमागे धावला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने धावत जाऊन त्याचा हात धरला, म्हणून ती वाचली.

अशांना तुरुंग हवाच, हे मी शिक्षिका म्हणून ठामपणे सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ नुसार धारदार शस्त्राने गंभीर दुखापत केल्यास किमान १ वर्ष कैद होते; ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

पण अठराच्या आतल्या मुलांचं काय? त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या दप्तरात, वह्यांच्या मध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता सापडला होता. "बाई, रीलसाठी आणला," म्हणाला. हात थरथरत होते त्याचे. त्याला सराईत गुन्हेगारांच्या शेजारी बसवलं, तर तो तेच शिकून येईल. त्याला समुपदेशन हवं, हाताला काम हवं आणि घरी रोज विचारपूस करणारं कुणीतरी हवं.

वार करणाऱ्याला कोठडी द्या. वाट चुकलेल्या पोराला मात्र परतायची वाट द्या.